डायना वॉशिंग्टन की नॅन्सी विल्सन? जॅझ-सोल गायकी ऐकायला कोणापासून सुरुवात करावी

एला फिट्झजेराल्ड आणि बिली हॉलिडे जॅझच्या, अरीथा फ्रँकलिन सोलची, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात. ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं), जॅझ, चर्चमधलं गाणं, ब्रॉडवेची म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीची नाट्यगीतं आणि रेडिओवर गाजलेली गाणी हे सगळं एकाच गळ्यातून ऐकायचं असेल, तर दोन नावं हमखास पुढे येतात: डायना वॉशिंग्टन आणि नॅन्सी विल्सन. दोघींच्या नावावर इतके आल्बम आणि त्याहून इतकी जास्त संकलनं आहेत, की ॲपवर नाव टाकून पहिलं दिसेल ते लावणाऱ्याच्या वाट्याला बहुधा व्हायोलिनांत बुडालेलं एखादं गाणं येतं. मग "जुनं आहे, छान आहे" म्हणून प्रकरण तिथेच मिटतं.

निकाल आधीच सांगायचा तर असा: इंग्रजी गाण्यातले शब्द कानाला चटकन लागत नसतील, किंवा स्वतः गायला शिकण्यासाठी ऐकणार असाल, तर डायनापासून सुरुवात करा. गाण्यातली गोष्ट, पात्र आणि शब्दाशब्दाला बदलणारा भाव यांसाठी ऐकणार असाल, तर नॅन्सीपासून. आणि कोणालाही निवडलं तरी पहिला आल्बम चार-सहा वादकांच्या साथीचा घ्यावा, मोठ्या ऑर्केस्ट्राचा नको. ही तिसरी अट पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची आहे. दोघींची सर्वांत गाजलेली गाणी ऑर्केस्ट्राचीच आहेत, त्यामुळे ही अट मोडण्याचा मोहही मोठा असतो.

दोन आयुष्यं, दोन वेग

डायनाचा जन्म २९ ऑगस्ट १९२४ चा, अलाबामातल्या टस्कलूसाचा. खरं नाव रूथ ली जोन्स. लहानपणीच कुटुंब शिकागोला आलं आणि तिचं संगीतशिक्षण चर्चमध्ये झालं. तिथे ती पियानो वाजवायची, गायची. पुढे सॅली मार्टिन यांच्या गॉस्पेल, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांच्या संचातही होती. पंधराव्या वर्षी शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये हौशी गायकांची स्पर्धा जिंकली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅझ बँडप्रमुख लायनेल हॅम्पटनने तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. 'डायना वॉशिंग्टन' हे नाव तिला कोणी दिलं यावर एकापेक्षा जास्त लोकांनी हक्क सांगितला आहे. त्यात पडण्यात अर्थ नाही. डिसेंबर १९४३ मध्ये कीनोट कंपनीसाठी तिची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. त्यातली 'ईव्हिल गॅल ब्लूज' आणि 'सॉल्टी पापा ब्लूज' आजही तिच्या गायकीची किल्ली म्हणून ऐकावीत.

१९४६ ते १९६१ ती मर्क्युरी कंपनीकडे होती. १९४८ ते १९५५ या काळात रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांत चालणाऱ्या गाण्यांच्या यादीत तिची २७ गाणी पहिल्या दहांत पोचली. 'ॲम आय आस्किंग टू मच' (१९४८) आणि 'बेबी गेट लॉस्ट' (१९४९) पहिल्या क्रमांकावर गेली. गोऱ्या श्रोत्यांच्या मोठ्या बाजारात ती पोचली ते मात्र १९५९ मध्ये, 'व्हॉट अ डिफरन्स अ डे मेक्स'मुळे. मूळ गाणं मेक्सिकोच्या मारिया ग्रेव्हर यांचं, १९३४ चं, स्पॅनिश. इंग्रजी शब्द स्टॅन्ली ॲडम्स यांचे. या गाण्याला रिदम अँड ब्लूज गटात ग्रॅमी मिळालं, जरी त्यात ब्लूजपेक्षा तंतुवाद्यंच जास्त ऐकू येतात. १९६० मध्ये गायक ब्रूक बेंटनबरोबरची युगुलगीतं आणि 'धिस बिटर अर्थ', मग १९६२ पासून रूलेट कंपनी, आणि १४ डिसेंबर १९६३ रोजी डेट्रॉइटमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या घातक मिश्रणाने मृत्यू. वय ३९. ध्वनिमुद्रणाची सगळी कारकीर्द वीस वर्षांची.

नॅन्सी विल्सन १९३७ च्या २० फेब्रुवारीला ओहायोतल्या चिलिकॉथी इथे जन्मली. वडील घरी रेकॉर्ड आणायचे: नॅट किंग कोल, बिली एक्स्टाइन, आणि हॅम्पटनच्या बँडबरोबर गाणारा जिमी स्कॉट. घराजवळच्या ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणी लावायच्या यंत्रावर) डायना, रूथ ब्राउन, लव्हर्न बेकर वाजायच्या. म्हणजे डायना जिथून बाहेर पडली त्याच हॅम्पटनच्या बँडमध्ये नंतर आलेल्या जिमी स्कॉटकडून नॅन्सीने शब्द लांबवायला शिकलं, आणि डायनाकडून ठसका घेतला. दोघींची तुलना करताना हा धागा लक्षात ठेवावा. त्या एकमेकींच्या विरुद्ध टोकाला नाहीत, एकीच्या गाण्यात दुसरी आधीच आहे.

शाळेत असतानाच तिने स्थानिक टीव्हीवर गायला सुरुवात केली. कॉलेज एक वर्ष केलं आणि १९५६ मध्ये रस्टी ब्रायंटच्या बँडबरोबर फिरायला लागली. ओहायोतल्याच कोलंबसला सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली भेटला आणि त्याने न्यूयॉर्कची वाट धरायला सुचवलं. १९५९ मध्ये ती तिथे गेली, दिवसा सचिव म्हणून नोकरी, रात्री ब्राँक्सच्या ब्लू मोरोक्को क्लबमध्ये गाणं. जॉन लेव्ही हा व्यवस्थापक तिला मिळाला तो इथेच. मुळात तो बास वाजवणारा, जॉर्ज शिअरिंगच्या संचातला. वादकाची समज असलेला व्यवस्थापक ही या कारकिर्दीतली निर्णायक गोष्ट. त्याने नमुन्याची ध्वनिमुद्रणं कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीकडे पाठवली, करार झाला आणि एप्रिल १९६० ते जुलै १९६२ या सव्वादोन वर्षांत कॅपिटॉलने तिचे पाच आल्बम काढले.

१९६४ चं 'हाउ ग्लॅड आय ॲम' अमेरिकेच्या मुख्य यादीत अकराव्या क्रमांकावर गेलं आणि त्याला १९६५ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही रिदम अँड ब्लूजमध्येच. स्वतःला ती जॅझ गायिका म्हणवून घेत नसे. 'साँग स्टायलिस्ट' हा तिचा आवडता शब्द. १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्माच्या नागरी हक्क मोर्चात ती सामील झाली. १९७० च्या दशकात सोलकडे झुकली, नंतर काही काळ जपानी कंपन्यांसाठी गायली, १९९६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय सार्वजनिक रेडिओवर 'जॅझ प्रोफाइल्स' या मालिकेची निवेदक झाली. दुसरं ग्रॅमी मिळालं २००५ मध्ये, पहिल्यानंतर चाळीस वर्षांनी, 'आर.एस.व्ही.पी.' या आल्बमसाठी; तिसरं २००७ मध्ये 'टर्न्ड टू ब्लू'साठी. शेवटची मैफल सप्टेंबर २०११ मध्ये ओहायोतच. १३ डिसेंबर २०१८ ला ती गेली.

निवड करणाऱ्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ एवढाच: डायनाचं काम आवाक्यात मावतं आणि तिचा आवाज वीस वर्षांत फारसा बदलत नाही. नॅन्सीचं काम पन्नास वर्षांत पसरलेलं, उंचसखल, आणि कोणत्या दशकात हात घालता यावर मत ठरतं.

आवाज शेजारी ठेवून

डायनाचा लगाव पहिल्या अक्षरापासून पूर्ण असतो. ती हळूहळू तापत नाही. आवाज किंचित नाकातून, धारदार; शब्दाचं शेवटचं व्यंजन खटकन तोडते. तिच्या गाण्यातलं इंग्रजी जवळजवळ लिहून घेता येतं, आणि आपल्याकडच्या श्रोत्याला तिची शिफारस करण्याचं पहिलं कारण हेच. ओळीच्या शेवटी ती स्वर खाली सोडून देते किंवा एक छोटी वळणदार मुरकी घेते. एकच. दुसरी मुरकी तिच्याकडे क्वचित सापडते, आणि ती कुठे घ्यायची नाही हे तिला इतकं पक्कं माहीत आहे की शास्त्रीय शिकलेल्यांनी तेवढ्यासाठी तरी तिला ऐकावं. स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांची तानबाजी, तिने जवळजवळ केलीच नाही. स्टुडिओत एक-दोन टेकमध्ये काम संपवण्याबद्दल ती प्रसिद्ध होती, आणि त्यामुळे ध्वनिमुद्रणातही समोर बसून गातेय असा थेटपणा राहिला.

नॅन्सीचं सगळं वेगळ्या जागी आहे. तिच्या आवाजाची पल्लेदारी मोठी, पण ती राखून ठेवते. दोन ओळी जवळजवळ बोलते, तिसरीला कुजबुजते, आणि चौथीला अचानक पूर्ण ताकद. लांबवलेला स्वर आधी सरळ, कंपाशिवाय धरते आणि विरताना त्याला कंप देते. कधी शब्द मध्येच अडकल्यासारखा थांबवते, हुंदका नव्हे पण त्याच्या अलीकडचं काहीतरी. या सगळ्यामुळे तिचं गाणं पात्राच्या तोंडचं वाटतं. डायना काहीही गायली तरी ते डायनाचं होतं. नॅन्सी गाण्यातल्या बाईला पुढे करून आपण मागे उभी राहते. याचा तोटा असा की पात्रच फुसकं असेल, गाण्याचे शब्द सुमार असतील, तर नॅन्सीकडे लपायला जागा नसते. डायना मात्र सुमार गाणंही केवळ आवाजाच्या पाण्यावर निभावून नेते. मर्क्युरीने तिला दिलेली कित्येक गाणी तशीच आहेत.

नॅन्सीच्या या पद्धतीचा कळस 'गेस हू आय सॉ टुडे', १९६० च्या 'समथिंग वंडरफुल' आल्बममधलं. मुळात ते १९५२ च्या एका ब्रॉडवे कार्यक्रमातलं गीत. एक बाई नवऱ्याला सांगते आहे की आज शहरात गेले होते, दमले, एका कॅफेत शिरले, तिथे एक जोडपं दिसलं. साडेतीन मिनिटांत ती आवाज कुठेच फारसा चढवत नाही. शेवट इथे सांगत नाही. पहिल्यांदा ऐकताना गीताचे शब्द वाचू नका, नाहीतर शेवटाची गंमत जाते. दुसऱ्यांदा मात्र शब्द समोर ठेवूनच ऐका, म्हणजे तिने कोणत्या शब्दापासून आपल्याला तयार करायला घेतलं होतं ते दिसतं.

छोट्या साथीचे दोन आल्बम

खरी तुलना इथेच होते.

'डायना जॅम्स' ऑगस्ट १९५४ मध्ये लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला, स्टुडिओत श्रोते बसवून. ट्रम्पेटवर क्लिफर्ड ब्राउन, क्लार्क टेरी आणि मेनार्ड फर्ग्युसन असे तिघे. हर्ब गेलर, हॅरॉल्ड लँड सॅक्सोफोनवर. ड्रमवर मॅक्स रोच. ब्राउन यानंतर दोनच वर्षांनी, पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला, म्हणून ट्रम्पेटच्या चाहत्यांसाठीही हा आल्बम मोलाचा. 'लव्हर, कम बॅक टू मी' अतिद्रुत लयीत, दहा मिनिटांच्या आसपास. त्याने सुरुवात करू नका. सवय नसलेल्या कानाला तीन ट्रम्पेट एकामागून एक म्हणजे गोंगाट वाटतो, आणि डायना सुरुवातीला व शेवटालाच आहे. आधी 'देअर इज नो ग्रेटर लव्ह' लावा: छोटं, विलंबित, आवाज अगदी समोर. मग 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन'. मग लांब गाणी. काही ठिकाणी डायना अजिबात नाही, फक्त वादक आहेत. ॲप बिघडलं असं समजू नये.

१९६२ मध्ये आलेला 'नॅन्सी विल्सन / कॅननबॉल ॲडर्ली' १९६१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाला. कॅननबॉल आल्टो सॅक्सोफोनवर, त्याचा भाऊ नॅट कॉर्नेटवर (ट्रम्पेटचा आखूड भाऊ), पियानोवर जो झाविनुल, बास सॅम जोन्स, ड्रम लुई हेज. गाणी बहुतेक अडीच-तीन मिनिटांची. 'सेव्ह युवर लव्ह फॉर मी' मध्यलयीपेक्षा थोडं संथ, 'नेव्हर विल आय मॅरी' धावतं, 'दि ओल्ड कंट्री' उदास. नॅन्सीची सगळी नाटकी हत्यारं इथे म्यान केलेली आहेत, कारण पाच कसलेल्या वादकांपुढे ती चालली नसती. सहावं वाद्य असल्यासारखी ती गाते. तिच्या साठांहून अधिक आल्बमांपैकी हा सर्वांत नेटका, आणि तो तिच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत होऊन गेला हे थोडं चुटपुट लावणारं आहे. इथेही सावधान: जवळजवळ निम्म्या रचना गाण्याशिवायच्या, निव्वळ वाद्यांच्या आहेत. मूळ तबकडीत त्या गाण्यांच्या मध्ये पेरलेल्या होत्या. पुढच्या काही सीडी आवृत्त्यांत सगळी गाणी आधी आणि वाद्यरचना नंतर, असा क्रम बदलला. पेरलेला क्रम चांगला. दोन गाण्यांमधली वाद्यरचना कान मोकळा करते. सलग गाणी ऐकली की ती छोटी असल्यामुळे आल्बम पंधरा-वीस मिनिटांत उरकल्यासारखा वाटतो.

दोन्हींत निवड करायची तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नॅन्सीचा आल्बम सोपा. गाणी छोटी, चाली स्पष्ट, ध्वनी स्टिरिओ आणि स्वच्छ. 'डायना जॅम्स' महिन्याभराने. डायनापासूनच सुरुवात करायची असेल तर १९५५ चा 'फॉर दोज इन लव्ह' घ्या: वाद्यसाथीची मांडणी क्विन्सी जोन्सची, क्लार्क टेरी, पॉल क्विनिशेट, पियानोवर विन्टन केली, आणि प्रत्येक गाण्यात वादकांना मोजकीच जागा. त्यातलं 'ब्लू गार्डेनिया' ऐकून डायना आवडली नाही, तर ती आवडण्याची शक्यता कमी आहे, असं समजायला हरकत नाही.

ऑर्केस्ट्राची गाणी आणि सोलकडचं वळण

'व्हॉट अ डिफरन्स अ डे मेक्स' आणि 'हाउ ग्लॅड आय ॲम' या दोन्ही गाण्यांनी त्या त्या गायिकेला घराघरांत नेलं. दोन्हींत तंतुवाद्यं आहेत, पण परिणाम उलटा. बेलफर्ड हेन्ड्रिक्सच्या गुळगुळीत साथीवर डायनाचा आवाज खरखरीत उठून दिसतो. ती साथीला जुळवून घेत नाही म्हणूनच गाणं टिकलं. त्यानंतर मात्र मर्क्युरीने तोच साचा आल्बममागून आल्बम वापरला आणि १९५९ ते १९६१ चं बरंचसं काम एकसारखं झालं. त्यातलं 'धिस बिटर अर्थ' तेवढं आवर्जून ऐकावं. 'शटर आयलंड' (२०१०) या चित्रपटातून पुष्कळांनी ते ऐकलेलं असतं, पण तिथे मॅक्स रिश्टरच्या रचनेवर तिचा आवाज बसवलेला आहे. मूळ १९६० चं गाणं वेगळ्या साथीचं आहे, आणि शेवटाकडे जी आशा डोकावते ती मूळ गाण्यात जास्त जाणवते.

ब्लूजसाठी दोन आल्बम शेजारी ठेवता येतात. डायनाचा १९५८ चा, जुन्या पिढीतली ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिच्या गाण्यांचा आल्बम, मुद्दाम जुन्या धाटणीची साथ, ट्रॉम्बोनची घसरगुंडी. साथ कधी कधी विनोदी होते, गाणं होत नाही. नॅन्सीचा १९६४ चा 'यस्टरडेज लव्ह साँग्ज / टुडेज ब्लूज', जेरल्ड विल्सनची मांडणी, आल्बमांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलेला. ब्लूजच्या कसोटीवर डायना सरळ जिंकते. नॅन्सी ब्लूज उत्तम अभिनित करते; डायनाला अभिनय करावा लागत नाही.

सोल हवं असेल तर? डायना गेली तेव्हा गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांच्या मेळातून निघालेला हा प्रकार नुकता आकार घेत होता. तिचा सोल ऐकायचा तर तो पुढच्यांच्या गळ्यात: अरीथा फ्रँकलिनने १९६४ मध्ये डायनाच्या गाण्यांचा अख्खा आल्बम केला. नॅन्सीने मात्र हे वळण स्वतः घेतलं. १९७० चा 'नाउ आय ॲम अ वुमन' फिलाडेल्फियाच्या धाटणीचा, 'ऑल इन लव्ह इज फेअर' (१९७४) मध्ये शीर्षकगीत स्टीव्ही वंडरचं, 'कम गेट टू धिस' (१९७५) मध्ये मार्विन गेचं. हा काळ समीक्षकांनी फार हिणवला, थोडा अन्यायानेच. पण प्रत्येक आल्बमात तीन-चार गाणी चांगली आणि बाकी भरताड असा हिशेब आहे. अख्खे आल्बम घेऊ नका, गाणी वेचा. त्याच सुमाराचा अपवाद म्हणजे १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला 'बट ब्यूटिफुल': पियानोवर हँक जोन्स, गिटार जीन बर्टनचिनी, बास रॉन कार्टर, ड्रम ग्रेडी टेट. चार वादक, संथ गाणी, आणि अनुभवाने पिकलेली नॅन्सी. कॅननबॉलच्या आल्बमनंतर दुसरा हाच.

गाणाऱ्यांसाठी

हिंदुस्थानी किंवा सुगम संगीत शिकलेल्या मुली हल्ली जॅझकडे वळतात आणि पहिली चूक ठरलेली असते: एका स्वरावर थांबून राहण्याची. तानपुऱ्यावर थांबलं तरी काही बिघडत नाही, आधारस्वर तोच असतो. जॅझमध्ये खालचे कॉर्ड, म्हणजे साथीत एकत्र वाजणारे स्वरसमूह, दर मात्राचौकडीला, कधी दोन मात्रांना बदलतात. तुम्ही धरून ठेवलेला स्वर आत्ता सुरेल असतो आणि पुढच्या कॉर्डवर तोच बोचतो. म्हणून नॅन्सीचं शब्द मागे खेचणं ऐकून लगेच नक्कल करू नका. ती ओळ उशिरा सुरू करते, पण संपवते वेळेवर; मधले शब्द दाटीने बसवते. नक्कल करणारे उशिरा सुरू करून उशिराच संपवतात, आणि चौथ्या ओळीपर्यंत वादक एका जागी, गाणारी दुसऱ्या.

दुसरी चूक समेची. ठेक्याच्या सवयीने आपला जोर पहिल्या मात्रेवर जातो. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोका दुसरा किंवा चौथा आहे असं धरून मोजा. लय आपोआप १२० होते. पहिले दोन-तीन दिवस मोजणी उलटी पडून ठोका पहिल्या मात्रेवर सरकतो, ते होणारच. अशा मोजणीवर आधी 'ईव्हिल गॅल ब्लूज' धरा. बारा चौकड्यांचं, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. एक ओळ, तिचीच पुनरावृत्ती, मग उत्तराची ओळ. ते हातात आल्यावर बत्तीस चौकड्यांच्या गाण्यांकडे जा, जिथे पहिला भाग दोनदा, मग मधला भाग, मग पुन्हा पहिला अशी रचना असते.

शिकायला डायना बरी, याचं कारण तिचं तंत्र ऐकू येतं. श्वास कुठे, शब्द कुठे तोडला, मुरकी कोणत्या स्वरावरून, सगळं उघड. धोका एकच: तिचा जोर घशाने आणायला जाऊ नका. तो चर्चमध्ये माइकशिवाय गाऊन कमावलेला, श्वासाचा जोर आहे. घशाने केला की पंधरा मिनिटांत आवाज बसतो. पट्टीही तिची घेऊ नका, गाण्याचा सर्वांत वरचा स्वर सहज लागेल अशी स्वतःची पट्टी ठरवून मगच साथीदाराला सांगा.

नॅन्सीची कुजबुज माइकवर अवलंबून आहे. तोंड माइकपासून साधारण पाच-सात सेंटिमीटरवर असेल तर हलका आवाज भरीव होतो, कारण एकदिश (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) माइक जवळच्या आवाजातला खर्ज वाढवतो. चढ्या ओळीला वीस-पंचवीस सेंटिमीटर मागे यावं लागतं. हे अंतर न बदलता गायलं तर हळू ओळी ऐकू येत नाहीत किंवा मोठ्या ओळी फाटतात.

शोधताना, विकत घेताना

ॲपवर 'नॅन्सी विल्सन' टाकलं की हार्ट या रॉक बँडची गिटारवादक नॅन्सी विल्सनही समोर येते. दोघींची गाणी काही वेळा एकाच पानावर मिसळलेली दिसतात. इलेक्ट्रिक गिटार ऐकू आली की मागे फिरा. सोबत आल्बमचं नाव टाकणं हा साधा उपाय.

डायनाच्या बाबतीत भानगड वेगळी. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, युरोपातही तिची जुनी ध्वनिमुद्रणं कधीच मुक्त झाली. परिणामी कोणीही उठतो आणि 'सर्वोत्कृष्ट डायना' काढतो. अशा संकलनांत मूळ फितीऐवजी घासलेल्या तबकडीवरून उतरवलेला, खरखर काढता काढता वरचे सूरही पुसलेला आवाज मिळतो. 'मॅड अबाउट द बॉय'सारखी काही गाणी तिने दोनदा ध्वनिमुद्रित केली आहेत आणि कोणतं कधीचं हे तिथे लिहिलेलं नसतं. मर्क्युरी, व्हर्व्ह किंवा एमआर्सी यांचं नाव असलेली आवृत्ती पाहावी. मुक्त झालं ते ध्वनिमुद्रण. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, तेव्हा तिचं गाणं स्वतः गाऊन नेटवर टाकणाऱ्यांनी तेवढं तपासून घ्यावं.

जुनी तबकडी घेत असाल तर १९५८ पूर्वीची डायना मोनोच घ्या. 'इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केलेली' असं वेष्टनावर असेल तर ठेवून द्या. एकच आवाज कृत्रिमपणे दोन बाजूंना फाडलेला असतो आणि गाणारी बोगद्यात उभी असल्यासारखी वाटते. नॅन्सीचे कॅपिटॉल आल्बम पहिल्यापासून खऱ्या स्टिरिओत आहेत, तिथे हा प्रश्न नाही.

डायनाची मर्क्युरीवरची सगळी ध्वनिमुद्रणं सात खंडांत, प्रत्येकी तीन सीडी अशी १९८० च्या दशकाच्या अखेरीस निघाली होती. एकवीस सीडींचा तो संच जुन्या बाजारात कधी स्वस्तात दिसतो. ध्वनी चांगला, तपशील चोख, पण पहिली खरेदी म्हणून नको: गाणी कालानुक्रमे लावलेली असल्याने उत्तम आणि सुमार शेजारी शेजारी येतात आणि 'डायना जॅम्स'पर्यंत पोचायला बराच दम धरावा लागतो. 'फॉर दोज इन लव्ह' आणि 'डायना जॅम्स' सुटे घ्या. नॅन्सीचे 'कॅननबॉल' आणि 'बट ब्यूटिफुल'. चार आल्बम, प्रत्येक पाऊण तासाच्या आतबाहेर. पाचवा घ्यायचाच झाला तर २००४ चा 'आर.एस.व्ही.पी.', सदुसष्टाव्या वर्षीची नॅन्सी: वरचे स्वर ती टाळते, आणि ते टाळण्यासाठी चाल कुठे वळवते हे ऐकण्यासारखं आहे.